सायबर सुरक्षा व डिजिटल फॉरेन्सिक : मावळ-लोणावळ्यातून ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण

सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक ही दोन नावे बहुधा एका दमात उच्चारली जातात. तथापि ही कामे भिन्न आहेत. वाड्याला भिंत घालणे, दिंडीदरवाजाला अडसर लावणे, रात्री गस्त ठेवणे हे पहिल्या शास्त्राचे काम. चोरी झाल्यानंतर पायाचे ठसे शोधून ते न्यायासनापुढे टिकतील अशा रीतीने मांडणे हे दुसऱ्याचे. शासकीय मराठीत फॉरेन्सिक प्रयोगशाळेस 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असे भारदस्त नाव आहे आणि ते अर्थाला धरूनही आहे. न्यायास साहाय्य करणे हाच या शास्त्राचा हेतू होय.

पुणे परिसराने या विषयाचा मोठा धडा ऑगस्ट २०१८ मध्ये घेतला. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रणाली घुसवून समांतर 'स्विच' उभा करण्यात आला. कार्डधारकाच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत, हा प्रश्न बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोहोचूच दिला गेला नाही. हा बनावट स्विचच परस्पर होकार देत राहिला. ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेद्वारे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींवर गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. यंत्रांपुढे उभे राहून रोकड काढणारे हात सापडले, परंतु दूरवर बसून ही योजना रचणाऱ्यांपर्यंत पोहोचणे किती कठीण असते, हेही या खटल्याने दाखविले.

पुरावा न्यायालयात कसा टिकतो हे समजण्यास मात्र जालन्याचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा आक्षेप घेण्यात आला आणि आधार होता तो निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. चित्रीकरण सीडीवर मिळाले; परंतु तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारे प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी त्रिसदस्यीय पीठाने निर्णय दिला : मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने आपल्या परीने सर्व प्रयत्न केले होते आणि अन्य पुरावाही उपलब्ध होता, म्हणून खोतकर यांचे अपील फेटाळले गेले. आज देशभरातील वकील व तपास अधिकारी ज्या निवाड्याचा आधार घेतात, तो मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या चित्रीकरणातून जन्मास आला आहे.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि दोहोंत 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची येते. फाइलमधील एखादा स्वल्पविराम बदलला तरी सारी खूण बदलते, त्यामुळे जप्तीच्या दिवशीची खूण आणि न्यायालयातील खूण जुळली की मधल्या काळात ढवळाढवळ झाली नाही असे म्हणता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून राज्यांना ती लागू करण्यास पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. या विषयाचे शिकलेले मनुष्यबळ का हवे आहे, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

परंतु खूण जुळणे म्हणजे सर्व काही नव्हे. जप्तीपूर्वीच संगणकात कोणी काही ठेवले असेल, तर हॅश त्याविषयी मौन बाळगतो. आपल्या वाचकांना फादर स्टॅन स्वामी, येशूसंघीय, यांचे प्रकरण ठाऊक आहे. पुण्यात नोंदलेल्या भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी, कोठडीत असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०१४ पासून संगणक जून २०१९ मध्ये जप्त होईपर्यंत त्यात बाहेरून शिरकाव होत होता व कागदपत्रे त्यात ठेवली गेली, असा निष्कर्ष त्यात आहे. या प्रकरणातील संगणकांत पुरावे पेरले गेल्याचा दावा राष्ट्रीय तपास यंत्रणेने नाकारलेला आहे. निर्णय न्यायालयाचा, आमचा मुद्दा इतकाच, की या शास्त्राचा अभ्यासक कोणाच्या तरी स्वातंत्र्याचे वजन हातात घेऊन बसलेला असतो. त्याने पोलिसांच्या बाजूने काम करावे की बचावाच्या, हा गौण प्रश्न आहे.

आता शिक्षणाकडे वळू. आमच्या पिढीला पदव्युत्तर शिक्षण म्हणजे वसतिगृहाची खाट आणि खानावळीचा डबा. लोणावळ्याहून पुणे लोहमार्गाने सुमारे ६४ किलोमीटर. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी वर्गाला जाणे अनेकांना परवडत नाही. म्हणून ऑनलाइन मार्गाचा विचार होतो आणि येथेच फसगतीलाही वाव असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार, मान्यताप्राप्त विद्यापीठाची अनुज्ञात ऑनलाइन पदवी प्रत्यक्ष वर्गात मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र परवानगी विद्यापीठाला सरसकट नसते; ती त्या अभ्यासक्रमासाठी व त्या सत्रासाठी असते आणि आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन देण्यास या नियमावलीत मनाई आहे. त्यामुळे एखादे विद्यापीठ 'ऑनलाइन एम.टेक.' देऊ करीत असेल, तर पालकांनी प्रथम शंका घ्यावी. या नियमांखाली सायबर सुरक्षेचे शिक्षण साधारणतः एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. मधील विशेष विषय म्हणून मिळते. शैक्षणिक कंपन्यांना विद्यापीठाच्या नावाने फ्रँचायझी चालविण्यास मुभा नाही, असे आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये बजावले आहे. दूरध्वनीवर गोड बोलून 'आजच शुल्क भरा' म्हणणाऱ्यांच्या बाबतीत हे स्मरणात ठेवावे.

आयआयटी संस्था स्वतंत्र कायद्याखाली चालतात. आयआयटी कानपूरने २०२२ मध्ये सायबर सुरक्षेतील ई-मास्टर्स पदवी सुरू केली. तिला गेट परीक्षेची अट नाही, वर्ग मुख्यतः सुटीच्या दिवशी भरतात आणि ती एक ते तीन वर्षांत पूर्ण करता येते. शुल्क मात्र काही लाखांत आहे. पुण्यातील सी-डॅकचा संगणक यंत्रणा व सुरक्षा या विषयावरील पदव्युत्तर अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा असून त्यास सी-कॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो. तो पदवी नव्हे, पण नोकरीच्या बाजारात त्याचा मान आहे. डिजिटल फॉरेन्सिकच ज्याला हवे आहे, त्याने गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा विचार करावा. २००९ च्या सुमारास गुजरात राज्याचे म्हणून सुरू झालेले हे विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झाले आणि त्याचे एक आवार गोव्यात आहे. मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतही डिजिटल व सायबर फॉरेन्सिकची पदव्युत्तर पदविका आहे. या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष हजेरीचा भाग मोठा असतो, आणि त्यात गैर काही नाही. जप्त केलेला मोबाइल सिग्नल अडविणाऱ्या पिशवीत कसा ठेवावा, राइट-ब्लॉकर लावून डिस्कची प्रतिमा कशी घ्यावी, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. निव्वळ चलच्चित्रे पाहून तयार झालेला तज्ज्ञ उलटतपासणीच्या पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

घरी सराव मात्र पुष्कळ करता येतो. ऑटोप्सी, व्होलॅटिलिटी आणि वायरशार्क ही साधने विनामूल्य आहेत. संगणकात १६ जीबी स्मृती असावी, कारण एका यंत्रात दोन-तीन आभासी यंत्रे चालवावी लागतात. सराव स्वतःच्याच यंत्रांवर करावा. शेजाऱ्याचे वाय-फाय 'फक्त पाहण्यासाठी' उघडणे हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा ठरू शकतो.

पवन, नाणे व आंदर मावळातील विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऑनलाइन परीक्षा कॅमेऱ्याच्या निगराणीत होतात आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात वीज व जाळे दोन्ही बेभरवशाचे असते. प्रवेशापूर्वी परीक्षेचे महिने पाहावेत. संपर्क तुटल्यास फेरपरीक्षेचा नियम काय, हे लेखी विचारावे. आणि त्या दिवसांपुरती तळेगाव वा लोणावळा शहरात नातेवाइकांकडे सोय करावी.

मावळात या विद्येला काम नाही असे कोणी समजू नये. लोणावळा-खंडाळ्यातील बंगल्यांची खोटी छायाचित्रे टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात, आणि तक्रार कोठे द्यावी याबाबत गोंधळ होतो. लोणावळा, कामशेत व वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, तर तळेगाव २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. पैसे गेल्याचे लक्षात येताच हद्द शोधत न बसता १९३० या क्रमांकावर कळवावे; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता येते ती याच पहिल्या काही तासांत. संदेश, पावत्या व क्रमांक पुसून टाकू नयेत.