खाडी, इंजिन आणि माहितीपुस्तिका

दिवा जंक्शनच्या उत्तरेला उल्हास नदीची खाडी आहे. हीच खाडी वर कल्याणपर्यंत जाते आणि त्या बंदराचा एक फार जुना परकीय उल्लेख ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात सापडतो. कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आले आहेत, तेथे चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असा इशारा त्यात आहे. सातवाहन-क्षत्रप संघर्षाचा अभ्यास करणारे आज या दोन ओळींकडे वारंवार वळतात. लिहिणाऱ्याला मात्र इतिहास सांगायचा नव्हता. कोठे काय विकते, कोणत्या महिन्यात निघावे, कोठे जपून राहावे, एवढेच त्याला आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना कळवायचे होते. त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही.

निनावी, कामापुरत्या गद्याची ही थोरवी मान्य केली, की त्याच कुळातल्या एका धाकट्या वंशजाकडेही पाहणे भाग पडते. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, विकत घेतले की सोबत एक माहितीपुस्तिका मिळते. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे असे तिच्यात काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे तिचा कल्पित वाचक. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ साली ही मोटर बाजारात आणली, तेव्हा ती सरोवरावर वल्ही मारून थकणाऱ्या हौशी माणसाच्या फार उपयोगी पडली. पुढे बनावटी बदलल्या, तरी पुस्तिकेतील गृहस्थ बराचसा तोच राहिला : सुट्टीच्या दिवशी निघणारा, निवांत वाचणारा, अवजारे हाताशी असलेला. १९८० च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी केरोसीनवर चालणाऱ्या आउटबोर्ड मोटारी मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या. त्यांच्यासाठी ती पोटापाण्याची वस्तू होती. कल्पित वाचक आणि प्रत्यक्ष वापरणारा यांच्यातले हे अंतर पुस्तिका समोर असल्याशिवाय मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट आज्ञेची. जुन्या टू-स्ट्रोक मोटारींच्या पुस्तिका पेट्रोलमध्ये किती तेल मिसळावे ते सांगतात. अनेक मोटारींना ५० भागांस १ भाग, नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास त्याहून अधिक. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर इंजिनातून गोडे पाणी खेळवावे, नाहीतर आत मीठ धरते. पंखा खडकावर आपटला तर मऊ धातूची एक खीळ आधी तुटते आणि गिअर वाचतो, म्हणून सुटी खीळ जवळ ठेवावी. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार थांबली तर इंजिन लगेच बंद करावे, कारण थंड करणारे पाणी आत जाणे थांबलेले असते. पुस्तिका यासाठी पाणवनस्पतींना जबाबदार धरते. आपल्या खाडीत बहुधा प्लास्टिकची पिशवी असते. या प्रत्येक इशाऱ्यामागे कोठेतरी जळलेले एखादे इंजिन आहे, असे मानायला हरकत नसावी.

ही सर्व विधाने मराठीत आणताना ‘करा’ म्हणायचे की ‘करावे’? आपल्या पाकपुस्तकांनी हा प्रश्न केव्हाच हाताळला आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून (१९१०) कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) सांगणारी आणि ऐकणारी यांचे नाते कसकसे बदलत गेले, हे त्यांतून वाचता येते. यंत्राच्या बाबतीतही आपली परंपरा अगदीच दरिद्री नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात एका कारखान्याचे पत्र होते. लोखंडी नांगर तयार करणाऱ्या कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेणे हे त्याचे काम. पुढे नावातले ‘खबर’ गळाले आणि मराठी कथा-लेखांचे एक मोठे मासिक उभे राहिले. वाङ्मयेतिहासात आपण मासिकाचा गौरव करतो आणि नांगराला तळटीपेत ढकलतो. हा क्रम आम्हाला उलटा वाटतो. शेतकऱ्याला समजेल असे लिहिण्याची शिस्त त्या गद्याला आधी नांगराने लावली.

खाडीवरच्या मोटारीला असे गद्य क्वचितच लाभले. परदेशी बनावटीबरोबर येणारी पुस्तिका बहुधा इंग्रजी; ती घरात कोठेतरी पडून राहते आणि ज्ञान चालते तोंडी. सुकाणू, नाळ, डोलकाठी हे शब्द मोल्सवर्थच्या काळापासून कोशांत आहेत. इंजिन आल्यावर होडीवर जे शब्द घडले, मोडले, उसने घेतले गेले, त्यांच्याकडे मात्र आपल्या कोशकारांनी तितक्या आस्थेने पाहिलेले नाही.

एव्हिनरूड मोटारींचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. आधी विकल्या गेलेल्या मोटारी काही त्या दिवशी थांबल्या नाहीत. स्पार्क प्लग कोणता, त्याची फट किती, गिअरमध्ये तेल किती, हे कोणाला विचारायचे म्हटले तर त्या मालकाजवळ जुनी पुस्तिकाच उरते. तिच्या पहिल्या पानावर मोटारीचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि मालकाचे नाव यांसाठी रिकाम्या ओळी सोडलेल्या असतात.