जंतू गेले, पाऊल उरले

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या माडिया कुटुंबाचे वर्ष चालण्यात जाते. मार्च-एप्रिलमध्ये उजाडण्याआधी मोह वेचायला, मे महिन्यात तेंदूची पाने तोडायला, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला, मध्येच बांबूला नाहीतर सरपणाला, शिवाय आठवडी बाजाराला. गट्टा, जारावंडी, कसनसूर या भागांत पावसाळ्यात नाले भरले की दवाखान्याची वाटही पायीच तुडवावी लागते. अशा मुलखात तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न कुष्ठरोगाच्या इतिहासात मध्यभागी असायला हवा होता. तो इतिहास आपण सांगतो जंतू आणि औषध यांचा: १८७३ मध्ये हॅन्सनने जंतू दाखवला, १९४० च्या दशकात डॅप्सोन आले, १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. या सांगण्यात खोटे काही नाही. मात्र उपचार कुष्ठरुग्णांच्या वसाहतीतून गावात आले, तेव्हा रुग्णाच्या पावलाची काळजी वसाहतीतच राहून गेली, ही गोष्ट त्यात सुटते.

वसाहतींचा काळ गौरवावा असा सरसकट नव्हता. १८९८ च्या कुष्ठरोगविषयक कायद्याचा रोख रस्त्यावर भीक मागणाऱ्या रुग्णांना उचलून कोंडण्यावर होता, आणि हा कायदा केंद्राने रद्द केला तो थेट २०१६ मध्ये. विदर्भात मात्र वसाहतीने वेगळे वळण घेतले. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन वसवले. आनंदवनाने रुग्णाला कष्टाचा मान परत दिला, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. पण तिथे आणखी एक साधी सोय होती. शेत, राहते घर आणि मलमपट्टीची जागा एकाच आवारात होती. पायाला जखम झाली तर हलके काम मिळू शकत होते, आणि जखम बघणारे कोणीतरी रोज समोर होते. त्याच १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले आणि डॉ. वर्देकरांनी दुसरी वाट धरली: घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि रुग्णाच्या गावीच औषध. पुढे देशाचा कार्यक्रम याच पद्धतीवर उभा राहिला. माणसाला घरातून उपटायचे नाही, ही त्यामागची भूमिका निःसंशय योग्य होती. फक्त घरी राहिलेला रुग्ण घरची कामेही करणार होता, आणि ती बधीर पावलांनी करणार होता.

त्या पावलात नेमके काय घडते, हे वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी उलगडले. तोपर्यंत समज असा की कुष्ठरोगात मांस आपोआप झडते. ब्रँड यांनी दाखवले की मांस झडत नाही, वेदना नाहीशी होते, आणि त्यामुळे माणूस स्वतःला इजा करत राहतो. घोट्यामागची नस निकामी झाली की तळपाय बधीर होतो. त्याचा घामही थांबतो, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते. गुडघ्याजवळची नस गेली तर पाऊल लुळे पडते आणि चालताना बोटे जमिनीवर घासतात. निरोगी माणूस पायात खडा टोचला की पाऊल तिरके टाकतो, फोड आला की लंगडतो, आणि तेवढ्याने पाऊल वाचते. बधीर पाऊल एकाच जागी भार घेत चालतच राहते. आतल्या आत जखम होते, ती हाडापर्यंत जाते. म्हणून मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, ‘एमसीआर’ची चप्पल आली, रोज पाय भिजवणे, घट्टे खरवडणे, तेल लावणे आणि तळवा नजरेने तपासणे ही शिस्त आली. यातल्या एकाही गोष्टीचा जंतूशी संबंध नाही. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी जंतू मरतो, पण फार दिवस मेलेली नस परत येत नाही.

आता मोजणीकडे बघू. उपचार चालू असलेला माणूसच सरकारी नोंदीत ‘रुग्ण’. गोळ्या संपल्या की नाव कमी होते. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, ही पातळी गाठली. गडचिरोली आणि चंद्रपूर मात्र त्यानंतरही राज्यातल्या अधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत मोजले जात राहिले. देशाच्या आकड्यातल्या घटीला नवे रुग्ण कमी होणे जसे कारणीभूत होते, तसेच उपचारांचा कालावधी आखडणेही होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जास्त जंतू असलेल्या रुग्णाचा कोर्स चोवीस महिन्यांवरून बारावर आला. औषधशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण यादीतून गेलेला माणूस बधीर तळव्यांनी पुढची तीस-चाळीस वर्षे मोह वेचणार असतो. विकृतीचा जो आकडा नेहमी पुढे येतो तो नव्या रुग्णांमधल्या डोळ्यांना दिसणाऱ्या विकृतीचा. नुसता बधीर, अजून न फुटलेला पाय त्यात येत नाही, आणि वाचवता येण्याजोगा पाय तर नेमका तोच.

यावर पहिला आक्षेप असा की औषध आधी. नस जाण्यापूर्वी रुग्ण सापडला तर चपलेची गरजच काय? मान्य. लवकर निदानाइतका पाऊल वाचवणारा दुसरा उपाय नाही. पण हा युक्तिवाद पुढच्या रुग्णाला लागू पडतो, ज्याची नस आधीच गेली त्याला नाही, आणि जंगलातल्या अंतरांमुळे निदानाला उशीर होणारे तिथे नेहमीच राहिले. दुसरा आक्षेप नेहमी जरा हसत केला जातो: हे लोक अनवाणीच चालतात, चपला दिल्या तरी घालत नाहीत. अनवाणी चालणे निरोगी पायाला झेपते, कारण त्या पायाला दुखते. आणि चपला पडून राहण्याची कारणे सवयीपलीकडची आहेत. त्या ठरावीक घडणीच्या चपलांवरून रोग ओळखू येत असे, ही तक्रार देशभर होती. शिवाय रोवणीच्या चिखलात चप्पल रुततेच. इथे मी आक्षेपकाला अर्धे माप देईन: माळरानावर उपयोगी पडणारी वस्तू बांधीत हरते. पण म्हणून दोष पावलाचा ठरत नाही. वस्तू शेताकडे बघून घडवली गेली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हे दुखणे एका रोगापुरते नाही, याचा पुरावा गडचिरोली-चंद्रपुरातच आहे. हत्तीपायही इथला जुना रोग. २००४ पासून देशातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देण्याची मोहीम चालते. तिचा रोख संसर्गाची साखळी तोडण्यावर आहे. आधीच सुजलेला पाय तिने ओसरत नाही. ब्राझीलमध्ये जेरुसा ड्रेयर यांच्या कामातून दिसले की सूज वाढवतात ते बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरणारे जिवाणू, आणि रोज साबण-पाण्याने पाय धुऊन कोरडा ठेवला तर तापाचे झटके कमी होतात. दोन वेगळे रोग, दोन वेगळी औषधे, आणि दोन्हीकडे काम तेच: कोणीतरी रोज पायाकडे बघणे.

वसाहती परत उघडा, असे यावरून कोणी म्हणेल तर ते उलट्या दिशेचे चालणे होईल. कुष्ठरोग कार्यक्रमात विकृती-प्रतिबंधाचे कलम आहे, चपलांची तरतूदही आहे. पैसा कुठे थांबतो ते मात्र आशा सेविकेच्या मोबदल्यातून कळते. रुग्ण शोधून दिला तर २५० रुपये, कमी जंतूंच्या रुग्णाचा कोर्स पूर्ण करून घेतला तर ४००, जास्त जंतूंच्या रुग्णाचा तर ६००. कोर्सनंतरच्या पावलासाठी या दरपत्रकात ओळ नाही. ती घालायला नवे औषध शोधावे लागत नाही. गावातल्या बधीर पायांची एक वही आणि रोवणीआधी व मोहाच्या हंगामाआधी तळवे तपासण्याचे दोन दिवस, एवढ्याने सुरुवात होते. तेल तर बहुतेक घरांत मोहाच्या बियांचे असतेच.