नकाबबंदी, पाश्चात्त्य देशांतील

सार्वजनिक जागेत चेहरा झाकून वावरण्यास कायद्याने केलेली मनाई आणि तिच्याभोवतीचा धार्मिक, राजकीय व न्यायालयीन वाद. देशभर लागू होणारी अशी सरसकट मनाई युरोपात प्रथम फ्रान्सने केली. ११ ऑक्टोबर २०१० चा हा कायदा ११ एप्रिल २०११ पासून अमलात आला. पुढे बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड यांनी कमीअधिक फरकाने तोच कित्ता गिरवला. म्हणून या नोंदीत फ्रान्सचे प्रकरण विस्ताराने घेतले आहे. इतर देशांची दखल गरजेपुरती आहे.

शब्द व वस्त्र : मराठीत डोक्यापासून पायांपर्यंतच्या सैल काळ्या झग्याला ‘बुरखा’ म्हणतात, चेहऱ्यावरचा पडदा वर टाकलेला असला, तरी तो बुरखाच. युरोपातील वाद समजण्यासाठी मात्र तीन वस्त्रे वेगळी ओळखावी लागतात. हिजाब केस, कान व मान झाकतो. चेहरा उघडा असतो. नकाब डोळे सोडून चेहरा झाकतो. अफगाणी बुरख्यात डोळ्यांपुढेही जाळी असते. पॅरिस किंवा ब्रुसेल्सच्या रस्त्यावर दिसतो तो जवळजवळ नेहमी नकाब. तरीही फ्रान्समधील पुढारी आणि वर्तमानपत्रे ‘बुर्का’ हाच शब्द वापरत राहिली, आणि तो ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढे तालिबानच्या अमलाखालील काबूल उभे राहिले. शब्दाच्या या निवडीने निम्मा वाद सुरू होण्यापूर्वीच निकालात निघाला.

मराठीत ‘बुरखा फाडणे’ म्हणजे ढोंग उघडे पाडणे. झाकलेले ते खोटेच असणार, ही शंका भाषेत किती खोल मुरते, हे त्यावरून कळते. जुन्या मराठीतला ‘गोषा’ हा शब्द वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. गोषातल्या बाईने परपुरुषाच्या नजरेसच पडू नये, शक्यतो घरातच राहावे, अशी अपेक्षा असे. नकाब घातलेली युरोपीय स्त्री बाजारात जाते, मेट्रोत बसते, मुलांना शाळेत सोडते. ती बाहेर पडते, म्हणूनच हा वाद उभा राहिला.

धर्मशास्त्राच्या बाजूने पाहिले, तर चेहरा झाकणे सक्तीचे आहे यावर मुस्लिम पंडितांचे एकमत नाही. बहुसंख्य विद्वान ते बंधनकारक मानत नाहीत. काही परंपरा, विशेषतः सलफी, मानतात. हजयात्रेत इहराम बांधल्यावर तर स्त्रीने नकाब घालू नये, असाच नियम आहे. २००९ मध्ये कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख मुहम्मद सय्यद तंतावी यांनी एका विद्यार्थिनीला नकाब काढायला सांगितले. पाठोपाठ त्या संस्थेने केवळ मुलींच्या वर्गांत नकाबाला बंदी केली. या प्रसंगाचा दाखला फ्रान्समध्ये पुढे वारंवार दिला गेला. पण एखादी रूढी धर्मात सक्तीची नसली, म्हणून ती पाळणाऱ्या व्यक्तीची श्रद्धा खोटी ठरत नाही, आणि ते ठरवणे हे सरकारचे काम नव्हे. न्यायालयांनीही बहुतेक ठिकाणी हेच मानले.

फ्रान्स : पार्श्वभूमी १९८९ च्या शरद ऋतूपासूनची. पॅरिसच्या उत्तरेला क्रेय येथील शाळेतून डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या तीन मुलींना काढून टाकण्यात आले. देशभर गदारोळ झाला. पंधरा वर्षांच्या वादानंतर मार्च २००४ मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हे वापरण्यास मनाई करणारा कायदा झाला. तो ‘लाइसिते’ म्हणजे राज्यसंस्थेच्या धर्मनिरपेक्षतेवर आधारलेला होता. त्याच्याही मागे वसाहतकाळाची सावली आहे. मे १९५८ मध्ये अल्जीअर्स येथे फ्रेंच सैन्याच्या पाठिंब्याने झालेल्या सभांत अल्जीरियन स्त्रियांचे पडदे जाहीरपणे उतरवण्यात आले होते. पुढच्याच वर्षी फ्रान्झ फॅनन यांनी या पडद्याच्या राजकारणावर लिहिले. स्त्रीला मुक्त केल्याचे दाखवून वसाहतीवरचा हक्क सिद्ध करायचा, हा प्रयोग अल्जीरियन कुटुंबे विसरली नाहीत. त्यांच्यातल्याच अनेकांची मुले आणि नातवंडे पुढे फ्रान्सच्या उपनगरांत वाढली.

२२ जून २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी व्हर्सायच्या संयुक्त अधिवेशनात जाहीर केले की, प्रजासत्ताकाच्या भूमीवर बुर्क्याला स्थान नाही. त्यानंतर आंद्रे जेराँ यांच्या अध्यक्षतेखाली संसदीय चौकशी मंडळ नेमले गेले. जेराँ कम्युनिस्ट पक्षाचे, लिआँजवळच्या व्हेनिस्यू या कामगारवस्तीचे माजी महापौर. म्हणजे हा केवळ उजव्यांचा उद्योग नव्हता. मंडळाने दोनशेहून अधिक लोकांची साक्ष घेतली. त्यांत प्रत्यक्ष नकाब घालणारी स्त्री एकच होती. गृहखात्याच्या अंदाजानुसार तेव्हा देशात अशा सुमारे १,९०० स्त्रिया होत्या. त्यांपैकी दोनतृतीयांश फ्रेंच नागरिक आणि जवळपास चतुर्थांश इस्लाम नव्याने स्वीकारलेल्या. साडेसहा कोटींच्या देशात हा आकडा किती लहान, हे वेगळे सांगायला नको. पण बंदीच्या समर्थकांचे म्हणणे संख्येपुरते नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. उपनगरांत वाढलेल्या, मुस्लिम घरांतल्याच फादेला अमारा यांच्यासारख्या कार्यकर्त्या बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या. वस्तीतल्या मुलींवर कपड्यांवरून येणारा दबाव त्यांनी जवळून पाहिला होता. त्यांचा राग पुस्तकी नव्हता.

कायद्याचा मसुदा करताना एक मोठी अडचण होती. लाइसिते राज्यसंस्थेला, तिच्या कर्मचाऱ्यांना आणि शाळांना बांधते. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला बांधत नाही. सरकारची सर्वोच्च कायदेविषयक सल्लागार संस्था कोंसेय देता हिने मार्च २०१० मध्ये स्पष्ट सांगितले की, सरसकट बंदीला निर्विवाद कायदेशीर आधार सापडत नाही. सरकारने सल्ला बाजूला ठेवला. राष्ट्रीय सभेने १३ जुलै रोजी ३३५ विरुद्ध १ आणि सिनेटने १४ सप्टेंबर रोजी २४६ विरुद्ध १ मतांनी विधेयक मंजूर केले. राष्ट्रीय सभेत समाजवादी पक्षाचे बहुतेक सदस्य मतदानाला थांबलेच नाहीत. ७ ऑक्टोबर रोजी घटना परिषदेने कायदा वैध ठरवला. मात्र लोकांना खुल्या असलेल्या प्रार्थनास्थळांत तो लागू होणार नाही, असे बजावले.

कायद्यात इस्लाम, स्त्री, नकाब यांपैकी एकही शब्द नाही. सार्वजनिक जागेत कोणीही चेहरा लपवणारा पोशाख करू नये, इतकेच त्यात म्हटले आहे. आरोग्य, व्यवसाय, खेळ, सण-उत्सव आणि कला यांसाठी सूट आहे. म्हणजे मोटारसायकलस्वाराचे हेल्मेट, तलवारबाजाची जाळी, कार्निव्हलचा मुखवटा चालतो. शिक्षा १५० युरोपर्यंत दंड किंवा नागरिकत्वाचे प्रशिक्षण, किंवा दोन्ही. दुसऱ्याला चेहरा झाकायला भाग पाडणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड. पीडित अल्पवयीन असल्यास दुप्पट. पोलिसांना रस्त्यात नकाब ओढून काढण्याचा अधिकार दिलेला नाही. प्रत्यक्षात अंमलबजावणी ठिकठिकाणी वेगवेगळी झाली. जुलै २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या त्राप येथे एका नकाबधारी स्त्रीची ओळख तपासण्यावरून झालेल्या बाचाबाचीचे पर्यवसान दंगलीत झाले.

कारणांची छाननी : बंदीसाठी मुख्यतः चार कारणे दिली गेली. सुरक्षितता, स्त्रीपुरुष समता, मानवी प्रतिष्ठा आणि ‘एकत्र जगणे’. १९९० मध्ये पाकिस्तानात जन्मलेल्या एका फ्रेंच नागरिक स्त्रीने या कायद्याला स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आव्हान दिले. निकालात तिची ओळख केवळ आद्याक्षरांनी आहे. आपल्यावर कुणाची सक्ती नाही, नकाब आपण नेहमीच घालतो असेही नाही आणि तपासणीच्या वेळी चेहरा दाखवायला आपली हरकत नाही, असे तिने सांगितले. १ जुलै २०१४ रोजी महापीठाने १५ विरुद्ध २ मतांनी बंदी कायम ठेवली.

निकालाचा आतला भाग मात्र त्याच्या शेवटापेक्षा अधिक बोलका आहे. सुरक्षिततेचे कारण न्यायालयाने नाकारले: गरज पडेल तेव्हा चेहरा दाखवायला लावता येतो, त्यासाठी सर्वत्र बंदी लागत नाही. समतेचे कारणही नाकारले: जी रूढी स्त्रिया स्वतःच आपला हक्क म्हणून मांडतात, ती स्त्रियांच्या समतेसाठी बंद करता येत नाही. प्रतिष्ठेच्या कारणाची गतही तीच झाली. उरले ते एकत्र जगणे. अनोळखी माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहत वावरणे ही सामाजिक जीवनाची किमान अट आहे, असे एखाद्या लोकशाही समाजाने ठरवले, तर तो निर्णय त्या समाजाच्या अखत्यारीत येतो, असे बहुमत म्हणाले. अल्पमतातील अँगेलिका नुसबर्गर आणि हेलेना येडरब्लूम या दोन न्यायाधीशांना ही कल्पना फार धूसर वाटली. सार्वजनिक जागेतही इतरांशी संपर्क न ठेवण्याचा हक्क माणसाला असतो, असे त्यांनी मांडले.

प्रस्तुत नोंदलेखकाला हा अल्पमताचा युक्तिवाद अधिक पटतो. चेहरा दिसण्याची ओढ मात्र खोटी नाही. समोरच्याच्या ओठांवर, गालांवर काय उमटले, हे पाहूनच आपण बोलणे पुढे नेतो, आणि तो आधार नाहीसा झाला की अस्वस्थ वाटते. ती अस्वस्थता मान्य करावी. तिच्यासाठी दुसऱ्याला दंड करावा, हे त्यातून निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही ऑक्टोबर २०१८ मध्ये, फ्रान्समध्ये शिक्षा झालेल्या दोन स्त्रियांच्या तक्रारींवर, त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झाल्याचे मत दिले. अशा स्त्रियांना संरक्षण मिळण्याऐवजी त्या घरात कोंडल्या जाण्याची भीती समितीने व्यक्त केली. फ्रान्सने कायदा बदलला नाही. २०२० च्या साथीत मेट्रोत नाकातोंडावर मास्क सक्तीचा झाला, तेव्हाही तो जसाच्या तसा राहिला.

स्त्रियांचे म्हणणे : ओपन सोसायटी फाउंडेशन्सने २०११ मध्ये फ्रान्समधील ३२ नकाबधारी स्त्रियांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. बहुतेकींनी हा स्वतःचा निर्णय असल्याचे सांगितले. अनेकींच्या घरून त्याला विरोध होता. समाजशास्त्रज्ञ आन्येस द फेओ यांनी अनेक वर्षे अशा स्त्रियांशी संपर्क ठेवला. काहींनी कायदा झाल्यानंतर, त्याला आव्हान म्हणूनच नकाब स्वीकारला आणि काहींनी पुढे तो सोडलाही, असे त्यांना आढळले. या माहितीला मर्यादा आहे. जिच्यावर खरोखर सक्ती होते, ती स्त्री मुलाखत द्यायला येण्याची शक्यता कमीच. पण तिला शोधण्याचा मार्ग दंडाच्या पावतीतून जात नाही.

इतर देश : बेल्जियमचा कायदा जुलै २०११ पासून, ऑस्ट्रियाचा ऑक्टोबर २०१७ पासून, डेन्मार्कचा ऑगस्ट २०१८ पासून लागू झाला. नेदरलँड्सने ऑगस्ट २०१९ मध्ये बंदी केली ती शाळा, रुग्णालये, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहतुकीपुरती; रस्ता मोकळा ठेवला. स्वित्झर्लंडमध्ये ७ मार्च २०२१ रोजी सार्वमताने ५१.२ टक्के लोकांनी बंदीला कौल दिला. त्या देशात नकाब घालणाऱ्या स्त्रिया वीस ते चाळीसच्या घरात असाव्यात, असा ल्यूसर्न विद्यापीठातील संशोधकांचा अंदाज होता. बंदी १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

ब्रिटनने कायदा केला नाही. तेथील वाद ऑक्टोबर २००६ मध्ये ब्लॅकबर्नचे खासदार जॅक स्ट्रॉ यांच्या लेखाने पेटला. मतदारसंघात भेटायला येणाऱ्या स्त्रियांना आपण नकाब काढण्याची विनंती करतो, त्या वेळी खोलीत एक महिला सहकारी असते, असे त्यांनी लिहिले होते. त्यांनी केली ती विनंती होती, तरी खासदाराच्या टेबलापलीकडे मदत मागायला बसलेल्या बाईला ती नाकारणे किती सोपे असेल, हा प्रश्न राहतोच. २०१३ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स न्यायालयात न्यायाधीश पीटर मर्फी यांनी आरोपी स्त्रीला खटला चालू असताना नकाब घालू दिला. साक्ष देताना मात्र तो काढावा लागेल, असा आदेश दिला. गरज तेथेच चेहरा, अशी ही वाट आहे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातील साक्षीदार स्त्रीबाबत सरसकट हो किंवा नाही असा नियम करण्याचे टाळले आणि प्रत्येक खटल्यात स्वतंत्र विचार व्हावा, असे सांगितले. त्याआधी, डिसेंबर २०११ मध्ये, तेथील सरकारने नागरिकत्वाची शपथ घेताना नकाब काढण्याची सक्ती केली होती. पाकिस्तानातून आलेल्या एका स्त्रीने तिला आव्हान दिले. ओळख पटवण्यासाठी महिला अधिकाऱ्यासमोर चेहरा दाखवण्याची तिची तयारी होती. भर समारंभात सर्वांपुढे दाखवण्याची नव्हती. २०१५ मध्ये दोन न्यायालयांत ती जिंकली. ९ ऑक्टोबर रोजी तिने आधी खासगीत चेहरा दाखवला, मग नकाबातच शपथ घेतली, आणि १९ ऑक्टोबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले.