बारीक केसांची निगा

बारीक केसांची निगा म्हणजे ज्यांच्या केसाची प्रत्येक काडी मुळातच कमी जाडीची आहे, अशा व्यक्तींनी केस लांब वाढवताना व ते निरोगी राखताना पाळावयाच्या पद्धती होत. बारीक केस हा रोग नसून तो केसांचा एक नैसर्गिक प्रकार आहे. असे केस जाड केसांच्या तुलनेने लवकर तुटतात व लवकर गुंततात. त्यामुळे ते लांब होण्यासाठी वाढीचा वेग वाढवण्यापेक्षा वाढलेली लांबी टिकवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

संज्ञा

मराठीत ‘बारीक केस’ हा शब्दप्रयोग दोन अर्थांनी होतो. ‘केस बारीक कापले’ या वाक्यात त्याचा अर्थ आखूड असा असतो; प्रस्तुत लेखात तो कमी जाडीचे, तलम केस या अर्थाने वापरला आहे. ‘विरळ केस’ ही संज्ञा याहून वेगळी आहे. विरळपणा डोक्यावरील केसांच्या संख्येशी संबंधित असतो, तर बारीकपणा एकेका केसाच्या जाडीशी. एखाद्याचे केस बारीक असूनही दाट असू शकतात, तसेच राठ असूनही विरळ असू शकतात. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने हा भेद लक्षात घेणे आवश्यक असते.

रचना व वाढ

केस मुख्यत्वे केराटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरील आवरणात कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेले पारदर्शक खवले असतात. त्यांच्या आत केसाला बळकटी व रंग देणारा मुख्य भाग असतो. जाड केसांच्या मध्यभागी आढळणारा गाभा बारीक केसांत बहुधा नसतो. मानवी केसाची जाडी सुमारे ५० ते १०० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. बारीक केस या मर्यादेच्या खालच्या टोकाला किंवा त्याहूनही खाली असतात.

माणसाच्या डोक्यावर साधारणतः १ लाख केस असतात. प्रत्येक केस तीन अवस्थांतून जातो. वाढीची अवस्था सुमारे २ ते ६ वर्षे, संक्रमणाची २ ते ३ आठवडे आणि विश्रांतीची सुमारे ३ महिने असते. विश्रांती संपल्यावर जुना केस गळतो व त्याच मुळातून नवा उगवतो. त्यामुळे दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते.

केस महिन्याला सरासरी १ ते १.२५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर वाढतो. वाढीची अवस्था ३ वर्षांची असल्यास केस जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरपर्यंत व ६ वर्षांची असल्यास ९० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. हा कालावधी बहुतांशी आनुवंशिक असतो. कमरेपर्यंत पोहोचलेल्या ७५ सेंटिमीटर लांब केसाचे टोक किमान पाच वर्षांचे जुने असते. तेवढ्या काळातील ऊन, धुणे, विंचरणे व घर्षण त्याने सोसलेले असते. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असल्याने तो स्वतःची झीज भरून काढू शकत नाही. ‘माझे केस वाढतच नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा मुळाशी होणारी वाढ आणि टोकाशी होणारी तूट सारखीच असणे, हे कारण असते.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात केस धुण्यासाठी शिकेकाई व रिठा यांचा वापर पूर्वापार होत आला आहे. दोन्हींत फेस आणणारी सॅपोनिन ही द्रव्ये असतात. आवळा, नागरमोथा, कपूरकाचरी, जास्वंदीची पाने व फुले, मेथी यांची जोडही दिली जाते. माक्याचे तेल घरोघरी काढले जाई. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून अभ्यंगस्नान करण्याची प्रथा आजही पाळली जाते.

अंबाडा, खोपा, तिपेडी वेणी या केशरचनांत केस बांधलेले राहत असल्याने त्यांचे घर्षण कमी होते. बारीक किंवा विरळ केसांची वेणी भरदार दिसावी म्हणून तीत ‘गंगावन’ हे कृत्रिम केस गुंफण्याची रीत होती. विंचरताना निघालेल्या केसांच्या गुंत्याला ‘गुंतवळ’ म्हणतात. गुंतवळाच्या मोबदल्यात भांडी किंवा किरकोळ वस्तू देणारे फेरीवाले महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. या केसांपासून टोप व गंगावने तयार होतात.

निगा

तेल : मुंबईतील मॅरिको या कंपनीतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली. तिघांपैकी केवळ खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे त्यांना आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. सदर कंपनी खोबरेल तेलाची उत्पादक आहे, याची नोंद येथे घेणे उचित होय. बारीक केस तेलाने लगेच चपटे व चिकट दिसतात; म्हणून धुण्यापूर्वी काही तास, थोडेच तेल मुख्यतः मधल्या भागास व टोकांस लावणे सोयीचे ठरते.

धुणे : बारीक केसांवर टाळूचा तेलकटपणा लवकर दिसतो, त्यामुळे ते अधिक वेळा धुवावे लागतात. शिकेकाई वा शाम्पू टाळूला चोळून लांबीवरून नुसते ओघळू देणे पुरेसे असते. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो. विहिरी व कूपनलिकांच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारी साय केसांवर बसते व ते राठ होतात. शिकेकाईचे पाणी सौम्य आम्लधर्मी असल्याने हा दोष टळतो. मात्र तिची भुकटी वस्त्रगाळ नसल्यास तिचे कण बारीक केसांत अडकून राहतात. त्यासाठी शेंगा उकळून गाळलेले पाणी वापरणे बरे.

वाळवणे व विंचरणे : ओला केस अधिक ताणला जातो व सहज तुटतो. केस पंचाने झटकण्याऐवजी जुन्या मऊ सुती कापडाने टिपावेत. गुंता सोडवताना रुंद दातांचा कंगवा वापरून टोकांकडून मुळांकडे क्रमाने जावे. फणीचे दात अगदी जवळ असल्याने ती उवा-लिखा काढण्यासाठीच योग्य होय.

बांधणे : रात्री सैल वेणी घातल्यास उशीशी होणारे घर्षण व गुंता कमी होतो. घट्ट वेणी किंवा अंबाडा सतत एकाच जागी बांधल्यास कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस मुळांपासून ओढले जाऊन गळतात. ताण दीर्घकाळ राहिल्यास ही हानी कायमची होते. शाळकरी मुलींच्या घट्ट वेण्यांबाबत पालकांनी याकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

कापणे : टोके कापल्याने मुळाशी होणारी वाढ वेगवान होत नाही. तथापि दुभंगलेले टोक वर चिरत जात असल्याने तीन-चार महिन्यांनी सुमारे १ सेंटिमीटर कापणे हितावह असते.

आहार व गळती

केसांच्या वाढीसाठी पुरेशी प्रथिने, लोह व जस्त आवश्यक असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे केसगळतीच्या तक्रारीत रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. बाळंतपण, तीव्र ताप, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळू शकतात. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते.

पोषकद्रव्यांचा अतिरेकही अपायकारक असतो. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव व इतर गावांत अनेकांचे केस अल्पावधीत गळले. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या घटनेचा संबंध गव्हातील सेलेनियमच्या जादा प्रमाणाशी जोडला. सेलेनियमयुक्त गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पूर्वी जाड असलेले केस हळूहळू बारीक होणे, भांग रुंदावणे, गोल चकत्या पडणे किंवा टाळूला खाज व खपल्या येणे ही लक्षणे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

गैरसमज

मुंडण केल्याने केस जाड येतात, हा समज निराधार आहे. कापलेले टोक बोथट असल्याने नवे केस जाड भासतात. मुळाची जाडी बदलत नाही.

गुंता न सोडवल्यास केसांची जट होते. जट हा देवीचा कौल मानून ती न कापण्याची अंधश्रद्धा महाराष्ट्र व कर्नाटकाच्या काही भागांत आहे. तिच्या वजनाने मानदुखी जडते, तसेच टाळूला जखमा व संसर्गही होतात. पूर्वी अशा मुलींना देवदासी म्हणून सोडले जाई. १९८९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती कुटुंबीयांचे समुपदेशन करून जटा कापण्याचे काम करते.

हे सुद्धा पहा

शिकेकाई
रिठा
माका
अभ्यंगस्नान
रक्तक्षय
अंधश्रद्धा निर्मूलन