आभासी डेस्कटॉप
कर्मचाऱ्याच्या मेजावरील संगणकाचे कार्य दूरच्या मध्यवर्ती संगणकावर चालविण्याची पद्धती. हिच्यात मेजावर केवळ पडदा, कळफलक व जाळ्याची जोडणी असली तरी पुरते. आज्ञावली व माहिती केंद्रातच राहतात.

एका यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करण्याची कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात १९६४ नंतर आकारास आली. व्हीएम/३७० ही तीवर आधारलेली प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला व संगणनशक्ती मेजावर उतरली. कर्मचाऱ्यास स्वातंत्र्य लाभले. परंतु हजारो विखुरलेल्या यंत्रांची देखभाल व त्यांतील माहितीची सुरक्षितता हे प्रश्न मोठ्या कंपन्यांपुढे उभे राहिले.

या संगणकांतील एक्स८६ कुलातील प्रक्रियक आभासीकरणास मुळात अनुकूल नव्हते. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ही अडचण आज्ञावलीच्या साहाय्याने दूर केली; २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकांतच तशी सोय केली. कोविडच्या साथीत (२०२०) घरून काम करणे भाग पडल्याने या पद्धतीचे महत्त्व वाढले. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने असा संगणक मासिक शुल्कावर देण्यास प्रारंभ केला.

तथापि जाळे खंडित होताच काम थांबते. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेऊन कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली, तेव्हा एकाच पुरवठादारावर विसंबण्यातील धोकाही स्पष्ट झाला. त्यामुळे दोन्ही पद्धती पुढेही एकत्र नांदतील, असे दिसते.