काच, व्हाया टोकियो आणि बॉस्टन

कोल्हापूरला घरी गेलो की माळा आवरायचं काम माझ्याकडे. या वेळी आजीचा प्रभाकर कंदील सापडला. गंजलेला, पण काच शाबूत! लाइट गेले की आजी ती काच राखेने पुसायची, आम्हाला हात लावू द्यायची नाही.

रविवारी कोयनाने पुण्याला येताना कराड लागलं आणि ट्यूब पेटली. हे स्टेशन ओगलेवाडीत आहे, आणि कंदील इथलाच! ओगले बंधूंनी 1916 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत काचकारखाना काढला.

पण त्याआधीची गोष्ट याच गाडीच्या वाटेवर, पुण्यापुढे तळेगावला घडली. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की माणशी वर्षाला एक पैसा जमवायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. टिळकांनी ती उचलून धरली. पैसा फंड जमला, पण काच करणार कोण? ते काम ईश्वरदास वार्ष्णेय यांनी घेतलं. उत्तरेकडचा माणूस, आधी जपानात शिकलेला, मग एमआयटीत (ती तेव्हा बॉस्टनमध्ये होती). 1908 मध्ये कारखाना निघाला. टिळकांना मंडालेची शिक्षा झाली तीही त्याच वर्षी.

आता गंमत बघा. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काच कोरायची कला 1834 पासूनची. तरी 1881 मध्ये शिनागावाच्या काचकारखान्यात हाउप्टमान नावाचा ब्रिटिश तज्ज्ञ शिकवायला आणला होता. म्हणजे वार्ष्णेय ज्या जपानात गेले, तिथली काच आधीच अर्धी विलायती!

आपण ऑनसाइट जातो, परत येऊन डॉक्युमेंट लिहितो, संपलं. काचेत ते चालत नाही. वाळू, सोडा, चुना यांचं प्रमाण कागदावर मावतं. पण नळीत किती फुंकायचं, हे शेजारी उभं राहूनच कळतं. फुंकलेली चिमणी सावकाश निववावी लागते, घाई केली तर ताण आत राहतो आणि नंतर कधीतरी ती आपोआप तडकते. म्हणून तळेगावात कारखान्याबरोबर शिकवणीही होती. माझ्या मते तिथलं खरं उत्पादन बांगड्या-चिमण्या नव्हे, शिकलेले हात.

वार्ष्णेय पुढे उत्तर प्रदेशात बहजोईला गेले. पहिल्या महायुद्धात युरोपची काच यायची थांबली, तेव्हा बाजारात घुसला तो जपानी माल. गुरूच्या देशाशीच स्पर्धा! ओगलेवाडीचा कारखानाही आता बंद आहे.

असो. कंदील पुण्याला आणलाय. काच राखेनेच पुसली. वात मिळाली, रॉकेल कुठे मिळतं तेवढं कळवा.