अंतुले सिमेंट प्रकरण : राजीनामा, खटला आणि 'मंजुरी'चा प्रश्न

महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, 'धडाडीचा माणूस होता.' दुसरी, 'सिमेंटमध्ये गेला.' या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडले, ते नव्या पिढीला फारसे माहीत नाही. म्हणून ही नोंद.

अंतुले कोण होते?

जन्म ९ फेब्रुवारी १९२९, रायगड जिल्ह्यातील आंबेत गाव. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, १९६२ मध्ये आमदार झाले आणि ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री. कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची, पण निर्णय झटपट. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. परभणी जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांत विधवा, वृद्ध, अपंग आजही ज्या 'निराधार'च्या पैशासाठी रांगेत दिसतात, ती हीच योजना. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा परभणीचा परतूर तालुका तिकडे गेला. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा नकाशाही त्यांच्याच काळात बदलला.

प्रकरण काय होते?

त्या काळी सिमेंट खुल्या बाजारात सहज मिळत नसे. सरकारी नियंत्रण होते, कोटा होता. सरकारी दर आणि बाहेरचा दर यांत मोठा फरक. ज्याच्या हातात कोटा त्याच्या हातात पैसा, असा तो मामला. अंतुले यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' आणि इतर काही ट्रस्ट काढले होते. आरोप असा की, बिल्डरांना सिमेंटचा कोटा देताना या ट्रस्टना देणग्या घेतल्या गेल्या. साखर कारखान्यांकडूनही उसाच्या टनामागे रक्कम जमा झाल्याचे सांगितले गेले.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी हे छापले आणि राज्य हादरले. पा. बा. सामंत आदींच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध कोर्टाने मान्य केला. त्यानंतर लगेच अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले, १९८९ मध्ये पूर्ण उठवले.

कोर्टात पुढे काय झाले?

भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली. विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये सांगितले की, अंतुले आमदार आहेत म्हणजे लोकसेवक आहेत, मंजुरीशिवाय खटला चालणार नाही. मामला सुप्रीम कोर्टात गेला. इथून जे निकाल आले, ते आजही देशभर वापरले जातात.

१९८४ : ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटले असेल, तर मंजुरीची गरज नाही. भारतीय दंडविधानाच्या व्याख्येत आमदार हा लोकसेवक नाही. भ्रष्टाचाराची तक्रार कोणताही नागरिक थेट विशेष कोर्टात करू शकतो. याच वेळी खटला हायकोर्टाकडे वर्ग केला गेला.

१९८८ : सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, खटला हायकोर्टाकडे वर्ग करण्याचा आपलाच आदेश चुकीचा होता. कोर्टाच्या चुकीचा भुर्दंड आरोपीवर पडता कामा नये.

१९९१ : खटला लवकर निकाली निघणे हा कलम २१ खालचा हक्क आहे. त्याची तत्त्वे पाच न्यायमूर्तींनी घालून दिली.

शेवट? अंतुले यांना शिक्षा झाली नाही. ते पुन्हा खासदार झाले, केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ मध्ये नव्याने झालेल्या अल्पसंख्याक मंत्रालयाचे पहिले मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

देशाच्या यादीत हे प्रकरण कुठे बसते?

दिल्लीतल्या प्रकरणांची यादी १९४८ च्या जीप खरेदीपासून सुरू होते. १९५७ चे मुंदडा प्रकरण सर्वांत नमुनेदार. एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गुंतवले. सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला. चौकशी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड्यावर, लोकांसमोर आणि काही आठवड्यांत संपवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले.

एवढी चपळाई नंतर दिसली नाही. बोफोर्सची बातमी १९८७ ची, राजीव गांधींवरील आरोप दिल्ली हायकोर्टाने रद्द केले २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. टू-जीमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१२ ला १२२ लायसन्स रद्द केली, पण २०१७ मध्ये विशेष कोर्टात सगळे आरोपी निर्दोष सुटले. सीबीआयचे अपील २०२४ मध्ये दाखल करून घेतले गेले.

आपल्या मराठवाड्यालाही हे नवे नाही. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी १९८६ मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतील गुणांच्या प्रकरणावरून मुख्यमंत्रिपद सोडले. शेजारच्या नांदेडचे अशोक चव्हाण २०१० मध्ये 'आदर्श' सोसायटीवरून गेले. त्यांच्यावर खटल्याची मंजुरी राज्यपालांनी २०१६ मध्ये दिली, हायकोर्टाने २०१७ मध्ये ती रद्द केली. एक लक्षात घ्या : खुर्ची जाणे आणि गुन्हा सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परभणीसाठी याचा अर्थ

'मंजुरी' हा शब्द परभणीला परका नाही. घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये परभणीचा तरुण इंजिनिअर ख्वाजा युनूस याला पोलिसांनी उचलले. तो कोठडीतून पळाला, असे जानेवारी २००३ मध्ये सांगण्यात आले. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट टिकली नाही. चौदा पोलिसांवर खटला चालवायची शिफारस होती, सरकारने मंजुरी दिली फक्त चौघांवर. खटला वर्षानुवर्षे रखडला. इथे कायदा वेगळा, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७. पण कुलूप तेच आणि किल्लीही सरकारच्याच खिशात.

२०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आले. आता सरकारी निर्णयांबाबत साधी चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी हवी. १९८४ मध्ये अंतुले यांच्या खटल्याने जे दार थोडे उघडले होते, ते त्यामुळे पुन्हा लोटले गेले.

समाजात अंतुले यांच्याबद्दल दोन मते आहेत. कोणी म्हणतात त्यांना अडकवले, कोणी म्हणतात केले ते भोगले. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी एक मान्य करावे. त्यांच्या नावाचा १९९१ चा निकाल आज वर्षानुवर्षे तुरुंगात पडलेल्या कच्च्या कैद्यांचे वकील कोर्टात वाचून दाखवतात. त्या कैद्यांत आपल्या मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. सिमेंटच्या गोण्या कधीच संपल्या. हा निकाल मात्र अजून कामाला येतो.